काळा कोट आणि पुढारपण: तेलंगांची मुंबई, निजामाचं धारूर

निवडणूक नगरपरिषदेची असो की विधानसभेची, बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या चौकातल्या फलकांवर एखाद्या तरी नावाआधी 'ॲड.' असतंच. डॉक्टर असतात, गुत्तेदार असतात, शिक्षणसंस्थांचे अध्यक्षही असतात. पण काळा कोट आणि पुढारपण यांची सोयरीक त्या सगळ्यांहून जुनी आहे. गांधी, आंबेडकर, जिना, वल्लभभाई, मोतीलाल नेहरू हे सगळे वकील. तिकडे अमेरिकेत अब्राहम लिंकनही वकीलच. हे असं का होतं?

पारावर विचारलं तर उत्तर ठरलेलं: वकिलाला बोलता येतं. हे उत्तर फार पुरत नाही. बीड जिल्ह्यात बोलणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. दोन तास हजारोंना खिळवून ठेवणारे कीर्तनकार गावोगाव आहेत आणि त्यांच्यापुढे बहुतेक वकील फिके पडतील. तरीही एकोणिसाव्या शतकात सरकारशी बोलायला जी मंडळी पुढे आली, ती फडावरून आली नाहीत, कोर्टातून आली. म्हणजे जिभेखेरीज आणखी काही तरी लागत होतं. ते काय, हे समजून घ्यायला काशिनाथ त्रिंबक तेलंग यांच्याइतका सोयीचा माणूस नाही. १८५० ते १८९३ असं जेमतेम ४३ वर्षांचं त्यांचं आयुष्य, आणि वकील ते न्यायाधीश या वाटेवरची प्रत्येक पायरी त्यात स्पष्ट दिसते.

मोट कशावर चालते?

विहिरीवरची मोट पाहिलेली पिढी अजून आपल्याकडे आहे. नुसतं पाणी असून मोट चालत नाही. विहिरीला पाणी हवं, ते ओढायला बैल हवेत आणि वर आलेलं पाणी शेतात न्यायला पाट हवा. यातलं एक जरी नसलं तरी पीक वाळतं.

वकिलाच्या राजकारणाचंही तसंच होतं. कायद्याचं ज्ञान हे पाणी. सरकारच्या पगाराशिवाय घर चालवणारी कमाई हे बैल. आणि आपलं म्हणणं जिथं पोचवायचं ते सभागृह, ती संस्था, ते वर्तमानपत्र हा पाट. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या तिन्ही गोष्टी एका जागी जमल्या. धारूर निजामाच्या ज्या हैदराबाद संस्थानात होतं, तिथं पाणी होतं, बैल अर्धपोटी होते आणि पाटाला जागोजाग बांध घातलेले होते.

पाणी: कायदा वाचणारा माणूस

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये निघालं आणि मुंबईचं हायकोर्ट १८६२ मध्ये. ही पाच वर्षं महत्त्वाची आहेत. राज्य पेशव्यांचं होतं तोवर न्याय पंचांपुढे, रूढीवर, माणसं पाहून होत असे. आता तो छापील कलमांवर होऊ लागला, आणि कलमं इंग्रजीत होती. ती वाचणारा आणि अर्थ लावणारा देशी माणूस एकाएकी अनमोल ठरला. सावकाराला तो हवा, इनामदाराला हवा, गिरणीवाल्याला हवा. एल्फिन्स्टनमधून शिकलेल्या तेलंगांनी एम. ए. आणि एलएल. बी. केलं ते या काळात.

पण हायकोर्टाच्या आत एक उंबरठा होता. मुंबई शहरातले मोठे दावे थेट हायकोर्टातच चालत. त्या विभागाला मूळ शाखा म्हणत. जिल्ह्यांतून आलेली अपिलं अपील शाखेत. देशी वकील अपील शाखेत काम करीत; मूळ शाखेत उभं राहण्याचा हक्क ॲडव्होकेटचा, आणि ॲडव्होकेट म्हणजे बहुधा विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला माणूस. विलायत म्हणजे पैसा आणि समुद्रपर्यटन, त्यापाठोपाठ जातीचा बहिष्कार. पण नियमात एक फट होती: इथंच कठीण परीक्षा देऊनही ॲडव्होकेट होता येत असे. तेलंगांनी ती परीक्षा दिली आणि १८७२ मध्ये, वयाच्या बाविशीत, विलायतेला न जाता ते मूळ शाखेत उभे राहिले.

त्यांच्याकडे एक जादा हत्यार होतं: संस्कृत. हिंदू कायद्याचे खटले स्मृती आणि त्यांवरच्या टीकाग्रंथांवर लढले जात, आणि इंग्रज न्यायाधीश भाषांतरांवर विसंबून असत. तेलंग मूळ ग्रंथ उघडून दाखवीत. रामायण होमरवरून उचललं असावं, असं वेबर या जर्मन पंडितानं सुचवलं तेव्हा तेलंगांनी १८७३ मध्ये त्याचा वकिली शिस्तीत, मुद्द्यामागे मुद्दा ठेवून प्रतिवाद केला. मॅक्स म्युलर यांच्या 'सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट' या मालेत भगवद्गीतेचं त्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १८८२ मध्ये निघालं. पुराव्याशिवाय बोलायचं नाही आणि समोरच्याचा पुरावा तपासल्याशिवाय सोडायचा नाही, ही कोर्टातली सवय त्यांच्या प्रत्येक लेखात आहे. पुढे सरकारी अंदाजपत्रकांवर आणि विधेयकांवर बोलतानाही ते असंच वागले.

बैल: कुणाचं खाऊन कुणावर बोलायचं?

माझ्या मते तिन्हींत ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

तेलंगांच्या शेजारी महादेव गोविंद रानडे ठेवून पाहा. विद्वत्तेत रानडे कुठंही कमी नव्हते. पुणे सार्वजनिक सभेचा मेंदू तेच होते. पण ते सरकारी न्यायखात्यात नोकरीला. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडानंतर सरकारला पुण्याच्या शिकलेल्या मंडळींचा संशय आला आणि रानड्यांची बदली धुळ्याला झाली. नोकरदार माणसाला गप्प करायला तुरुंग लागत नाही, बदलीचा एक कागद पुरतो. म्हणून रानडे बहुतेक वेळा पडद्यामागून लिहीत आणि सह्या दुसऱ्यांच्या असत.

तेलंगांची बदली कुणी करू शकत नव्हतं. त्यांचं पोट पक्षकारांच्या फीवर होतं. वकिलीची सनद हायकोर्टाकडून मिळालेली, आणि हायकोर्ट राणीच्या सनदेनं स्थापन झालेलं, गव्हर्नराच्या हुकमाखाली नव्हतं. गव्हर्नराच्या धोरणावर सकाळी सभेत टीका करून दुपारी त्याच शहरात खटला लढवता येत होता. त्या काळच्या हिंदुस्थानात इतकी मोकळीक आणखी कुणाला होती? व्यापाऱ्याला ठेके हवे असत, इनामदाराला इनाम राखायचं असे, मास्तर सरकारचा. उरला वकील. फिरोजशहा मेहता, बद्रुद्दीन तय्यबजी आणि तेलंग हे तिघं वकील एकत्र आले ते असे.

१८८३ मध्ये इल्बर्ट विधेयकाचा वाद पेटला. जिल्ह्यांतल्या हिंदी न्यायाधिकाऱ्यांना युरोपियन आरोपींचे खटले चालवता यावेत, एवढीच त्यातली तरतूद. पण गोऱ्यांनी देशभर गहजब केला. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये या तिघांची भाषणं झाली. गोऱ्यांच्या आरडाओरड्याला तेलंगांनी आरडाओरड्यानं उत्तर दिलं नाही. विरोधकांचे मुद्दे मांडून एकेक खोडून काढला. दोन वर्षांनी, १८८५ मध्ये, तिघांनी मिळून बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली. त्याच डिसेंबरात गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. ७२ प्रतिनिधी आले आणि त्यांत वकिलांचा भरणा मोठा होता. कायदेमंडळं वाढवा, त्यांत निवडलेले लोक घ्या, या ठरावावर तेलंग बोलले.

पाट: मतांविना सभागृह

इथं अमेरिकेकडे एक नजर टाकली पाहिजे, कारण तिथला पाट वेगळा होता. लिंकन कुठल्याही कॉलेजात गेले नव्हते. उसनी पुस्तकं वाचून १८३६ मध्ये वकील झाले. इलिनॉय राज्यात न्यायाधीश आणि वकील मिळून गावोगाव फिरत, एकेका गावी काही दिवस कोर्ट भरे आणि भोवतालचे शेतकरी बाजारासारखे जमत. लिंकन वर्षानुवर्षं असे फिरले. खटला चालवताना ज्यांच्याशी ओळख होई तेच मतदार. कोर्ट, राज्याचं विधिमंडळ, वॉशिंग्टन असा सरळ रस्ता होता, आणि तो मतपेटीतून जात होता.

तेलंगांपुढे मतपेटी नव्हती. १८६१ च्या कायद्यानं मुंबईच्या कायदेमंडळात चार ते आठ जादा सभासद घेता येत. त्यांतले निम्मे तरी बिनसरकारी असावेत, एवढी अट. पण नेमणूक गव्हर्नर करी. अंदाजपत्रकावर चर्चा नाही, सरकारला प्रश्न विचारायचा नाही. समोर आलेल्या विधेयकावर बोलायचं, बस. हे हक्क १८९२ च्या कायद्यानंतर मिळाले. १८७४ मध्ये याच मंडळात आलेले रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलीक हेही वकीलच. तेलंगांची नेमणूक १८८४ ची.

एवढ्या अरुंद पाटातून काय जाणार, असं वाटेल. पण विधेयकाचं कलम कसं फिरवलं की सरकारचा अधिकार कमी होतो, हे वकिलाशिवाय कुणाला कळणार? १८८८ चा मुंबई महापालिका कायदा याच मंडळात घडला. त्यावरच्या चर्चेत मेहता आणि तेलंग कलमामागून कलम लढले. मुंबईची महापालिका आजही त्याच कायद्यावर चालते. मतांशिवाय नेमलेल्या दोन वकिलांनी निवडून आलेल्या नगरसेवकांच्या अधिकारांसाठी भांडावं, यात एक गंमत आहे खरी.

जिथं नेमणूक गव्हर्नर करणार, तिथं वकिलाला दोन दारं ठोठावावी लागतात: बाहेर लोकमत उभं करायचं आणि आत मोजूनमापून बोलायचं. तेलंगांचा सगळा स्वभाव या दुसऱ्या गोष्टीत मुरला. १८८६ च्या एका व्याख्यानात त्यांनी मांडलं की जिथं विरोध कमी तिथून आधी पुढं जावं. म्हणून राजकीय सुधारणा सामाजिक सुधारणेसाठी अडवून ठेवू नये. मला यात वकिलाचं मन दिसतं. जिंकता येणारा दावा आधी लढायचा, अवघड तो पुढच्या तारखेला. पण घर म्हणजे कोर्ट नव्हे. १८९३ मध्ये त्यांनी घरच्यांच्या आग्रहापुढे मान तुकवून अल्पवयीन मुलीचं लग्न लावलं, आणि सुधारकांनी त्यांना सोडलं नाही.

आणखी एक बाजू सांगायलाच हवी. १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगावर तेलंग सभासद होते आणि त्यांनी आपलं वेगळं टिपण जोडलं. त्याच आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं: शेतकऱ्याच्या करातून उच्चवर्णीयांची कॉलेजं चालतात आणि खेड्यात शाळा नाही. वकिलांच्या मोटेचं पाणी कुणाच्या शेतात चाललंय, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता.

चौकट: काशिनाथ त्रिंबक तेलंग

१८५०: मुंबईत जन्म
१८७२: मुंबई हायकोर्टात ॲडव्होकेट
१८८२: हंटर आयोगाचे सभासद; गीतेचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध
१८८४: मुंबई कायदेमंडळात नेमणूक
१८८५: प्रेसिडेन्सी असोसिएशन, काँग्रेसचं पहिलं अधिवेशन
१८८९: हायकोर्टाचे न्यायाधीश
१८९२: मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू
१८९३: निधन
मराठी लेखन: 'शहाणा नाथन' हे लेसिंगच्या जर्मन नाटकाचं भाषांतर, 'स्थानिक राज्यव्यवस्था'

खुर्ची मिळाली, आवाज गेला

१८८९ मध्ये हायकोर्टाचे पहिले हिंदी न्यायाधीश नानाभाई हरिदास वारले आणि त्यांच्या जागी तेलंगांना बोलावणं आलं. वकिलासाठी यापरता मान नव्हता. पण न्यायाधीश सभेत जात नाही, ठराव मांडत नाही. एका नेमणुकीनं प्रेसिडेन्सी असोसिएशनचा आणि काँग्रेसचा एक नेमका बोलणारा कमी झाला. १८९३ मध्ये तेलंग गेले तेव्हा त्यांच्या जागेवर रानडे आले. १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झालेले तय्यबजी १८९५ मध्ये न्यायाधीश झाले. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना जामीन त्यांनीच दिला. मेहता तेवढे खुर्चीच्या वाटेला गेले नाहीत आणि म्हणून १९१५ पर्यंत मुंबईच्या राजकारणावर त्यांचं राज्य राहिलं.

सरकारनं ही नेमणूक कावा म्हणूनच केली, असं म्हणायला आधार नाही. पण परिणाम तोच झाला. ज्या गुणांमुळे वकील चांगला पुढारी होतो, त्याच गुणांमुळे तो न्यायाधीश म्हणून निवडला जातो आणि पुढारीपणातून उठतो.

जामखेड आणि धारूर

आता नकाशा उघडा. बीड आणि नगर (आताचं अहिल्यानगर) हे जिल्हे एकमेकांना लागून आहेत. तेलंगांच्या काळी या शिवेवरून दोन राज्यांची हद्द जात होती. नगरकडच्या जामखेडचा शेतकरी ब्रिटिश मुलखात, म्हणजे त्याचं अपील मुंबई हायकोर्टात. सावकारानं जमीन गिळायला घेतली तर १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा त्याच्या बाजूनं. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांना लागू होता. धारूरच्या शेतकऱ्याची भाषा तीच, सावकार तसाच, दुष्काळही तोच. पण त्याचं गाव निजामाचं. सोळाव्या शतकात आदिलशाहीच्या किश्वरखानानं बांधलेल्या किल्ल्याचं हे गाव, मोगली कागदांत फतेहाबाद झालेलं. त्याला ना मुंबईचं हायकोर्ट, ना १८७९ चा कायदा. त्याचं अपील हैदराबादेला.

तिथंही कोर्टं होती, कायदेही होते, आणि वकिलीच्या परीक्षाही होत. १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूनं घेतली. म्हणजे धारूरच्या बांधावरचं भांडण मराठीत, दावा उर्दूत आणि निकालही उर्दूत. तो कागद वाचून दाखवणारा वकील मुंबईतल्याहूनही अधिक मोलाचा झाला. पाण्याची वाण नव्हती.

बैलांचं तसं नव्हतं. मुंबईत सनद देणारं कोर्ट गव्हर्नरापासून वेगळं होतं. हैदराबादेत सगळ्याच्या वर निजामाचं फर्मान. नकोशा माणसाला राज्याबाहेर काढता येत असे. सरोजिनी नायडूंचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय हे तिथले नामांकित शिक्षक. चांदा रेल्वेच्या योजनेवर लोकांत चर्चा घडवली म्हणून १८८३ मध्ये त्यांना हद्दपार करण्यात आलं. शिक्षकाचं असं होतं हे पाहिलेला वकील तोलूनच बोलणार.

पाट तर नावापुरता. हैदराबादचं कायदेमंडळ १८९० च्या दशकात निघालं आणि पुढे त्यात हायकोर्टाच्या वकिलांना आपले दोन प्रतिनिधी निवडून देता येऊ लागले. ऐकायला हे मुंबईहून बरं वाटतं. पण बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचं, आणि मंडळाबाहेर सभा भरवायची तर सरकारची परवानगी. सभेशिवाय सभासद म्हणजे मागे कुणी नसलेला माणूस.

बांध फोडण्याच्या दोन तऱ्हा

केशवराव कोरटकर याच बांधांमधून वाट काढणारे. जन्म १८६७ चा, परभणीकडचे. वकिली आधी गुलबर्ग्याला, मग हैदराबादेत. पुढे हायकोर्टाचे न्यायाधीश. तेलंगांच्या पायऱ्या इथं परत दिसतात. फरक मधल्या टप्प्यात आहे. तेलंग कायदेमंडळात कलमं लढवत होते. कोरटकर आणि त्यांचे सोबती शाळा काढत होते, ग्रंथालयांना आधार देत होते, आर्य समाजाचं काम करीत होते. हैदराबादची विवेकवर्धिनी शाळा ही त्यातली ठळक. राजकीय सभेपेक्षा वर्गाची वाट मोकळी, हे वकिलाच्या नजरेनंच हेरलेलं.

दुसरी तऱ्हा आणखी वकिली. १९२१ च्या फर्मानानं संस्थानात राजकीय सभांवर बंधन आलं तेव्हा मंडळींनी सभा हद्दीबाहेर नेली. हैदराबाद राजकीय परिषद १९२३ मध्ये काकिनाड्याला भरली, १९२६ मध्ये मुंबईला, १९२८ मध्ये पुण्याला आणि १९३१ मध्ये अकोल्याला. प्रश्न निजामाच्या राज्यातले, ठराव ब्रिटिश मुलखात. फर्मान मोडलं असं म्हणता येत नव्हतं.

कोरटकर १९३२ मध्ये वारले. संस्थानाच्या आत महाराष्ट्र परिषद परतूरला भरली ती १९३७ मध्ये, आणि १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट उभी राहण्याआधीच तिच्यावर बंदी आली. तोवर पुढारपण कोर्टातून शाळेत सरकलं होतं. धारूरजवळच्या अंबाजोगाईत, तेव्हाच्या मोमिनाबादेत, १९३० च्या दशकात योगेश्वरी शाळेत शिकवणारे एक संन्यासी मास्तर पुढे निजामाविरुद्धच्या सगळ्या लढ्याचे नेते झाले: स्वामी रामानंद तीर्थ. मुंबई इलाख्याची चळवळ वकिलांनी सुरू केली आणि मराठवाड्याची मास्तरांनी पुढे नेली, याचं कारण माणसांच्या स्वभावात शोधायची गरज नाही. कुठला पाट मोकळा होता, एवढं पाहिलं की पुरतं.

वकील मागे राहिले नाहीतच. दिगंबरराव बिंदू, काशीनाथराव वैद्य ही वकील मंडळी लढ्यात होती. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं, १९५२ मध्ये प्रौढ मतदानानं हैदराबादची विधानसभा निवडून आली आणि तिच्या अध्यक्षपदी काशीनाथराव वैद्य बसले. लिंकनना वकील होण्याआधीच, १८३४ मध्ये, मिळालेली मतपेटी मराठवाड्यातल्या वकिलाला मिळाली ती त्या वर्षी. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि धारूर मुंबई हायकोर्टाच्या हद्दीत गेलं. १९८१ पासून औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, खंडपीठ आहे. धारूरच्या शेतकऱ्याचं अपील आता तिथं चालतं.